निवृत्तीनंतरची दुपार

"काकू, सध्या घरात तुम्हाला कसं वाटतं?" समुपदेशक बाईंनी मला विचारलं आणि उत्तर यांनी दिलं, "तिला काय, मी घरी असलो की बरंच वाटतं."

हे निवृत्त झाल्यापासून असंच चाललंय. मी भाजी चिरताना मागे येऊन उभे राहतात, फोडणीत चुका काढतात, माझा फोन वाजला की "कोणाचा गं?" विचारतात. आमच्या कुरबुरींना कंटाळून शेवटी मुलीनेच आम्हाला इथे पाठवलं. निवृत्त नवरा होतो, पण बायकोच्या हक्काच्या दुपारीही त्याच दिवशी संपतात, हे निरोप समारंभात कोणी बोलत नाही.

बाई हसून म्हणाल्या, "काका, मी काकूंना विचारलंय."

मग मी बोललेच. "दुपारी थोडा वेळ मला घरात एकटीला राहू द्या. कोणी काही विचारायला नको, सुचवायला नको."

हे चष्मा पुसत बसले. मग हळूच मला म्हणाले, "पण मग मी जाऊ कुठे?"

कुठेही जा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते खरंच विचारत होते. ऑफिस सोडलं तर या माणसाला जायला एकही दार नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याचाही मला रागच आला.