चिंधूच्या पायातली चिंधी

आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथ्याचं नाव कुंताबाईनं चिंधू ठेवलं. चिंधीकडे मरण कशाला बघेल? आणि खरंच, ब्रह्मदेशच्या लढाईत गोळी लागली ती नडगीत, छातीत नाही. पण त्या नडगीनं पुढं बारा वर्षं त्याला खाटेला बांधून ठेवलं. हाड आतून सडायचं, पू वाहायचा, आणि वरून भोक बुजलं की ताप चढायचा.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. छप्पन साली श्रावणात डॉक्टरांनी त्याचं हाड उघडून मेलेला तुकडा काढला, पेनिसिलिन सुरू केलं आणि पोकळीत गॉजची लांब पट्टी भरली. वरून कातडी धरू नये, जखम तळापासून वर यावी, म्हणून. त्या पट्टीला आम्ही चिंधीच म्हणायचो. रोज सकाळी मी ओरडायचो, चिंधूची चिंधी बदला रे, आणि अख्खा वॉर्ड हसायचा. आज त्याची लाज वाटते.

एकदा पट्टी ओढताना तो दात आवळून म्हणाला, दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला दीक्षा घ्यायला निघणार आहे, आणि हे नाव तो तिथंच टाकून येणार आहे. नवं नाव त्यानं ठरवलं होतं, आनंद.

भादव्यात तो समुद्रपूरकडं आपल्या गावी गेला. पट्टी बदलायचं मी कुंताबाईला शिकवलं, पण घाईघाईत. जखम भरली पाहिजे, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं. चिंधी कोंबून ठेवली तर जखम भरणार कशी? पोरगा नागपूरला स्वतःच्या पायांनी जावा म्हणून तिनं चिंधी काढून टाकली आणि हळदीचा लेप लावला. आठ दिवसांत कातडी धरली. तिनं वस्तीत गूळ वाटला, त्याला पांढरा सदरा शिवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तीची मोटार वर्ध्याला आली. बाकीचे स्टेशनवर उतरले, हे दोघं दवाखान्यात. चिंधू तापानं फणफणला होता, पाय भोपळ्याएवढा. मी कुंताबाईला वाट्टेल ते बोललो.

"तुमीच म्हनलं होतं ना, जखम भरली पायजे म्हनून," ती म्हणाली.

म्हटलं होतं खरं.

दसऱ्याच्या दिवशी हाड पुन्हा उघडलं. सड गुडघ्यापर्यंत गेली होती. ही जखम आता भरायची नाही, डॉक्टर मला हळूच म्हणाले.

दोन दिवसांनी शेजारचा प्रेमदास स्टेशनवरून थेट वॉर्डात आला. वस्ती बौद्ध झाली होती. चिंधूनं सगळं ऐकून घेतलं आणि आईकडं वळला.

"माय, आता मले आनंद म्हन."

कुंताबाई माझ्या हातातल्या पट्टीकडं बघत राहिली. तिला भीती वाटली, ते मला दिसलं.

"जखम भरू दे बापा, मंग म्हनीन. तोवर चिंधूच राह्य."

डॉक्टर काय म्हणाले ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी मान खाली घालून पट्टी भरत राहिलो. पुढं चार वर्षं ती पट्टी भरली. चौथ्या वर्षी कुंताबाई वारली. जाताना तिनं लेकाला हाक मारली, ती चिंधू म्हणूनच.