वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं असेल, तर दारात बसून मटार सोलले. सोलायला मी आणि बोलायला ती. मधेच म्हणाली, "वुड यू लाइक टी?" मी म्हटलं, "ठेव." तर म्हणते, "अवो, ठेव न्हाय. येस प्लीज म्हणा, मग चहा." म्हटलं बाई, येस प्लीज. "आलं की तुम्हाला," म्हणाली आणि पुढची शेंग माझ्या हातात दिली. चहा काही ठेवला नाही. माझ्या बायकोएवढी विचित्र बाई पुण्यात दुसरी झाली नाही, आणि पुण्यात विचित्र माणसांचा दुष्काळ आहे असं कोणी म्हणणार नाही.

मी चौथी शिकलेला, ती दुसरीतून शेळ्यांमागं गेलेली. खराडीत आमचं रान होतं तिथं आता काचेच्या कंपन्या उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यातली भाजी घेऊन ती कंपनीच्या फाटकापाशी बसायची. विकायला कमी, गप्पा मारायला जास्त. पण गिऱ्हाइकं आपसात इंग्रजीत बोलायला लागली की हिच्या पोटात दुखायचं. हसतात, पण कशाला हसतात ते कळत नाही. मेथी न्यायला येणाऱ्या नागपूरकडच्या एका बाईनं सांगितलं की सदाशिव पेठेत एक क्लास आहे, तिथं खुद्द गोरी माणसं शिकवतात, ती स्वतःही जाते. ही घरी आली, मला वाढलं आणि म्हणाली, "मी नाव घातलं." मी विचारलं, "कशात, भिशीत?" "इंग्रजीत." माझा घास हातातच राहिला. साठी ओलांडलेली बाई. मी म्हटलं, "अगं, सदाशिव पेठेतलं मराठी तरी कळतं का तुला?" ती म्हणाली, "न्हाय कळत. म्हणूनच तर तिथं इंग्रजी बरं."

शिकवायला दोघं. सर स्कॉटलंडचे, मॅडम अमेरिकेच्या. मला वाटलं होतं, गोऱ्यांपुढं हिची दातखीळ बसेल. कसली बसते. पहिल्याच दिवशी नाचत घरी आली, का, तर सरांचं बोलणं मॅडमना कळत नाही. "त्यांचंच त्यांना कळंना, मग आपण कशाला भ्यायचं?" त्यातून सर तिच्या खास मर्जीतले, कारण सरांचा र आपल्यासारखा. मॅडम तो तोंडातल्या तोंडात विरघळवतात. सर कसे, खणखणीत. "सर आपल्याकडचेच वाटत्यात," म्हणायची, जसं काही स्कॉटलंड वाघोलीच्या पलीकडं आहे.

एकदा मात्र ती दोघांवरही बिघडली. फाटकापाशी बसून तिला वांग्याचं इंग्रजी पाठ झालेलं, ब्रिंजल. वर्गात मोठ्या तोऱ्यात म्हणाली, तर दोघंही एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनी हा शब्दच ऐकलेला नाही. ही थक्क. घरी येऊन मला म्हणाली, "मास्तर गोरे, पण त्यांचं इंग्रजी कच्चं हाय." दुसऱ्या वेळी पिशवीत भलंमोठं वांगं घालून नेलं आणि टेबलावर ठेवून सांगितलं, "धिस इज ब्रिंजल." मॅडम म्हणाल्या एगप्लँट, सर म्हणाले ऑबर्जीन, आणि दोघांची तिथंच जुंपली. हिला त्यातलं एग तेवढं समजलं. "नो एग मॅडम," ती म्हणाली, "प्युअर व्हेज."

पाऊस लागला होता म्हणून एकदा मी तिला आणायला गेलो. जिन्याखाली उभा होतो. सर खाली आले, हात पुढं केला आणि विचारलं, हौसाज हजबंड? एवढं इंग्रजी मला कळतं. मी ठणकावून सांगितलं, "नो. हौसा नो. माय वाईफ शालन." लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच लिहिलेलं नाव, मला ठाऊक नसणार? सर बिचारे माफी मागायला लागले. तेवढ्यात त्यांच्या मागनं ही उतरली. "अवो, हौसा मीच की." मी हबकलोच. माहेरचं नाव. माझ्या तर ध्यानातूनही गेलं होतं. बसमध्ये मी विचारलं, हे काय खूळ? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शाळेत हौसाच होते. जिथं सुटली तिथनंच धरायला नको का?"

मग तिची भाषणाची पाळी आली. दर गुरुवारी सकाळी एकानं उभं राहून घरातल्या एका माणसावर बोलायचं आणि त्या माणसाला समोर खुर्चीत आणून बसवायचं, अशी त्या वर्गाची रीत. लग्नात उखाणा घे म्हणून सगळ्या बायकांनी घेरलं होतं, आईनं ताट अडवलं होतं, तरी हिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ती आता भर वर्गात उभी राहणार होती. "कुणावर बोलणार?" "तुमच्यावर. दुसरं रिकामं हाय कोण?" "काय बोलणार?" "ते इंग्रजीत हाय." चुलीपुढं, नळापाशी, मेथीच्या वाफ्यात तिचं पुटपुटणं चालायचं. मी जवळ गेलो की गप्प. इतकी वर्षं एका घरात काढली, पण ही बाई माझ्याबद्दल काय म्हणते ते मी कधी ऐकलं नव्हतं. कळो न कळो, मला ते ऐकायचं होतं.

मटार सोलले तो बुधवार. पातेलं घेऊन ती उठली, "गरगरतंय" म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. बसली ती बसलीच. डॉक्टर आले, हात धरून बघितला आणि मान हलवली. मी त्यांना म्हटलं, "अहो, असं कसं? उद्या भाषण आहे तिचं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला आणि पुन्हा तेच सांगितलं. रात्रीच तिला नेऊन आलो.

सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी उठलो, अंघोळ केली आणि चपला घातल्या. मुलगा म्हणाला, "आबा, सुतकात कुठं निघाला?" मी म्हटलं, "आलो." बस धरली आणि सदाशिव पेठेत गेलो. वर्गात पुढं एक खुर्ची मांडून ठेवलेली होती. नागपूरकडच्या बाईंनी विचारलं, "काका, एकटेच? काकू कुठे आहेत?" मी म्हटलं, "आज जमलं नाही तिला." त्यांनी ते सरांना सांगितलं. सर हसून काही बोलले, मॅडमनीही मान डोलावली. बाई म्हणाल्या, "सर म्हणतात, काही हरकत नाही. पुढच्या गुरुवारी पहिली पाळी काकूंची. त्यांना सांगाल ना?"

सांगतो म्हटलं, आणि वर्ग सुटेपर्यंत त्या खुर्चीवर बसून राहिलो.