ओएरिंगेनचं संस्थान खालसा, येलहंकाचं शाबूत

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा मी एकच शब्द बोलले. मुलगा सुहास म्हणाला, "आई, रेवाकडे जाऊन येऊ. आलो की येलहंकाचं तुझं घर भाड्यानं देऊ, तू हेब्बाळला आमच्या फ्लॅटमध्ये ये." मी म्हणाले, "सरी." कानडीतलं 'बरं'.

रेवा म्हणजे नात, नोकरीसाठी तिकडे असते. मी फोनवर सांगते, ती हे लिहून घेते. मला अक्षर येत नाही, मतं मात्र भरपूर आहेत.

पहिला दिवस विमानात गेला. दुसऱ्या दिवशी रेवाबरोबर हाइलब्रॉनहून ट्रामनं ओएरिंगेन गाठलं. तिथल्या राज्याचं दिवसाचं तिकीट काढा, पाच जणांपर्यंत एकच चालतं. कामाच्या दिवशी मात्र सकाळी नवानंतर. माउलटाशन नावाच्या फुगीर करंज्या मिळतात. आत मांस आहे का, आधी विचारा. मी लोणी लावलेल्या ब्रेट्झल नावाच्या कडक पावावर भागवलं. दात स्वतःचे असतील तरच घ्या.

गावात राजवाडा आहे आणि आत चक्क नगरपालिका!

बागेतल्या बाकावर बसून रेवा सांगू लागली, "अज्जी, इथे होएनलोहे घराण्याची छोटी छोटी संस्थानं होती. दोनशे वर्षांपूर्वी शेजारच्या व्युर्टेंबर्गनं ती खालसा केली."

"राजाला मारलं?"

"छे! किताब ठेवला, वाडा ठेवला, शेतीवाडी ठेवली. राज्य तेवढं घेतलं."

"त्याला विचारलं होतं?"

"मोठ्यांनी आपसात ठरवलं."

मी सुहासकडे बघितलं. तो गडबडला. "आई, तुला स्वतंत्र खोली आहे. देवघर तुझं, मान तुझा."

"आणि स्वयंपाकघर?"

"ते... मेधा बघते ना."

मेधा माझी सून. "म्हणजे किताब माझा, राज्य मेधाचं."

"अगं पण तू सरी म्हणालीस! मी एजंटला सांगूनही टाकलं."

"सरी म्हणजे ऐकलं रे! तुझ्या बाबांना जन्मभर सरी म्हणत आले. कधी काही मानलं का?"

रेवा हसून हसून बाकावरून पडायची राहिली. सुहासनं परतीच्या ट्राममध्ये खिडकीबाहेर बघण्यात वेळ काढला.

येलहंकाला घरी आले तेव्हा पाय भोपळ्यासारखे सुजलेले. बाग, ट्राम, थंडी, सगळं स्वल्प स्वल्प विसरत चालले आहे. राजाच्या वाड्यात दाखल्यांसाठी येणारी माणसं तेवढी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रविवारी एजंट एका जोडप्याला घेऊन आला. सुहासही होता. मी सगळं घर फिरवून दाखवलं, मागचा कढीपत्तासुद्धा.

"छान आहे, अज्जी," बाई म्हणाली. "रिकामं कधी होईल?"

"मी गेल्यावर."

"कुठे जाताय?"

मी बोट वर केलं.

सुहास त्यांना फाटकापर्यंत सोडून आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "आई, जेवायला काय केलंयस?"