एका कार्डावरच्या दोन चुली

झाडू बांधून बांधून थोरलीचे हात खरखरीत झाले होते. पण धान्य वाटायला बसली की तेच हात तराजूसारखे चालत. सरकारी दुकानातलं पोतं डोक्यावरून आणायची, जमिनीवर चादर अंथरायची, वाटीनं दोन ढीग घालायची आणि धाकट्या जावेला हाक मारायची, "वाटणारी मी, उचलणारी तू. ये, आधी तू उचल."

ढिगावरून दोघींत कधी शब्द झाला नाही. बाकी सगळ्यावरून झाला. म्हणून तर घराच्या मधोमध पत्रा उभा राहिला, चुली दोन झाल्या. रेशनचं कार्ड मात्र एकच, थोरलीच्या नावाचं.

एका सकाळी शेजारीण धावत आली. तपासनीस गल्लीत शिरला होता. एका कार्डाला एकच चूल. वेगळं शिजवणाऱ्यांची नावं तो कापत होता. नवीन कार्ड हाती यायला किती काळ लागेल, देव जाणे. धाकटीचा नवरा कामासाठी परगावी, घरात दोन लहान लेकरं. नाव कापलं, तर त्या चुलीवर नुसती राख.

धाकटी पत्र्याआडून आली. "जाऊबाई, चूल लपवू का माझी?"

"चूल लपवशील, धूर कुठं लपवशील? तुझं पातेलं आण इकडं."

धाकटीनं आपली चूल विझवली. तिचं अर्धकच्चं कालवण थोरलीनं आपल्या मोठ्या पातेल्यात ओतलं.

"तुमचं तिखट माझ्या पोरांना झेपत नाही हो."

"कमी घालीन. जीभ तेवढी तिखट राहील, ती सोस."

तपासनीस आला. त्यानं पत्र्यावर टकटक केलं. "हा कशाला?"

"भांडायला, साहेब. तोंड दिसलं की राग टिकत नाही."

तो हसला. "आणि जेवण?"

"एकत्र."

"कधीपासून?"

धाकटीनं पदर मुठीत धरला. "पहिल्यापासून" एवढा एक शब्द म्हटला असता, तर झालं असतं. थोरलीनं उकळत्या पातेल्याकडं पाहिलं.

"आजपासून," ती म्हणाली. "खोटं बोलून आणलेला घास गिळवत नाही, साहेब. पण उद्याही इथंच शिजेल. न सांगता या, पातेलं उघडून बघा."

तपासनीसानं पत्र्याआड डोकावून दोन्ही चुली पाहिल्या. मग म्हणाला, "आज मला एकच पेटलेली दिसते," आणि नावं तशीच ठेवून पुढच्या घराकडं वळला.

तो गल्लीबाहेर गेल्यावर धाकटी पुटपुटली, "आता माझं मी पेटवते."

"साहेबाला दिलेला शब्द काय पाहुणा होता, त्याच्याबरोबर निघून जायला?" थोरलीनं विचारलं. धाकटी पानं मांडायला लागली.

पुढं धान्य आलं. थोरलीनं सवयीनं चादर अंथरली, दोन ढीग घातले, हाक मारली, "ये, आधी तू उचल."

धाकटी आली, गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही हातांनी तिनं दोन्ही ढीग एकमेकांत लोटून टाकले.

"अगं, हे काय?"

"उचलणारी मी ना?" धाकटी म्हणाली. "मग हा उचलला."