स्टिकरमधल्या मॅडम

मॅडम गेल्याच्या बातमीवर पहिला रिप्लाय मॅडमच्याच स्टिकरचा आला.

आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप. सकाळी कुणीतरी टाकलं, "बिसेन मॅडम गेल्या. हार्ट अटॅक." खाली लगेच तेच स्टिकर. हातात खडू, तोंड उघडं, डोळे वटारलेले आणि वर लिहिलेलं: कायले?

टाकणाऱ्याला चेष्टा करायची नव्हती. असं का झालं, एवढंच विचारायचं होतं. आमच्या आमगावात "का" विचारायचं झालं की बोट आपोआप त्या स्टिकरवर जातं. निम्म्या लोकांना ती बाई कोण हेही माहीत नाही.

मला माहीत आहे.
ते स्टिकर मी बनवलं होतं.

मॅडम गणित शिकवायच्या. उशिरा येणाऱ्याला दारातच अडवायच्या, "कायले उशीर झाला रे?" रोज सापडणारा मीच. एकदा चोरून आणलेल्या मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, मागचं सगळं कापून वर "कायले?" लिहिलं आणि स्टिकर ग्रुपवर सोडलं. दोन दिवसांत ते भाजीबाजारात पोचलं. मला वाटलं, काय भारी काम केलं आपण.

तिसऱ्या दिवशी पुन्हा उशीर. मॅडम म्हणाल्या, "उशीर का झाला?"

का.

त्यानंतर वर्गात त्यांच्या तोंडून "कायले" ऐकलंच नाही. पुस्तकातली मराठी बोलायच्या, जपून जपून. सेंडऑफच्या फोटोतही नाहीत. "मी काढते तुमचा," म्हणून मोबाइलच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आज दुपारी त्यांची मुलगी माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आली. रडून डोळे सुजलेले. श्रद्धांजलीचा बॅनर करायचा होता.

"दादा, आईचा फोटोच नाही मिळून राहिला. लग्नाच्या अल्बमात नवरी हाये, आधारवर कोनी दुसरीच बाई हाये. मंग हे भेटलं."

तिने मोबाइल पुढे केला. तेच स्टिकर.

"यातून काही बनते का?"

मी कॉम्प्युटरकडे वळलो.

मूळ फोटो ड्राइव्हवर अजून होता. काढून स्क्रीनवर मोठा केला. मागे फळ्यावर अर्धं सोडवलेलं गणित. आणि मॅडम रागावलेल्या नाहीतच, हसत आहेत. डोळे मीच ॲपमध्ये ताणले होते, हे मी विसरूनही गेलो होतो.

"हा तुमच्याजवळ कसा?" मुलीने विचारलं.

सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत मारेल.

"आईले मालूम होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, हेडसरले सांग. तर म्हने, पोराचं दहावीचं वर्ष हाये. शाळेतून नाव काढून टाकतीन त्याचं."

मी तिथेच स्टुलावर बसलो.

दहावीनंतर सहा वर्षं रस्त्यात भेटल्या की थांबायच्या. "दुकान बरं चाललं आहे ना?" विचारायच्या. सगळं माहीत असून. माझा अजून विश्वास बसत नाही.

बॅनर चौकात लागला आहे. त्यावर मॅडम हसत आहेत.

ते स्टिकर तुमच्या मोबाइलमध्ये असेल तर काढून टाका. सगळीकडून ते जाणार नाही, हे मलाही कळतं. तरी काढा.

बॅनरवर "भावपूर्ण श्रद्धांजली" मीच टाइप केली. या पोस्टमध्ये लिहायला हात धजत नाही.

मॅडम, माफी मागायला फार उशीर झाला.

एकदा विचारा ना, कायले?