राजाच्या तलवारीतली लाख

मेलेल्या माणसांशी सबंध इंग्लंडात सगळ्यात अदबीनं कोण बोलतं, असं कोणी विचारलं तर मी आमच्या सुनेच्या मावशीकडे बोट दाखवीन. जिवंत माणसाला ही बाई 'सरक जरा' म्हणेल, पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी मेलेल्या कारागिराला 'अहो, थोडा उजेड घेऊ का?' असं विचारल्याशिवाय दिवा पुढे ओढत नाही. ती ईलिंगला एकटी राहते आणि लंडनच्या एका म्युझियममध्ये कामाला जाते. तिथं जुन्या इंग्रज राजांचं सोनं आहे, कुठल्याशा शेतात मातीखाली सापडलेलं; तलवारींच्या मुठींवरचे तुकडे, लाल खडे बसवलेले. सोन्याकडे मावशीबाई ढुंकून बघत नाहीत. सोन्याच्या पाठीला जो काळपट लगदा चिकटलेला असतो तो बघतात. लोकांना ती घाण वाटते. पण ते कुणीतरी हातानं भरलेलं मेण असतं, नाहीतर सरस, शिंग, लाकूड. त्यातला मोहरीपेक्षा बारीक कण सुईनं काढायचा, मशीनमध्ये घालायचा आणि जनावर कोणतं, झाड कोणतं ते ओळखायचं. "सोनं मुकं असतं हो अप्पा," त्या म्हणतात. "बोलतो तो सरस."

मी चौथीत शाळा सोडली, पण हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षं मी कोल्हापुरी साज घडवला आहे. साजातला मणी वरून सोनं दिसतो. आत पोकळ पत्रा असतो आणि त्यात लाख भरलेली असते. लाख नसेल तर मणी बोटानं चेपेल. गिऱ्हाईक सोनं बघतं, सोनार पाठ बघतो. स्लाऊच्या आमच्या घरात मुलगा कॉम्प्युटरमध्ये, सून बँकेत. माझ्या कामाबद्दल इथल्या सात वर्षांत नीट विचारलं ते एकट्या मावशीबाईंनी, म्हणून त्यांचे सगळे वेडेपणे मी खपवून घेत आलो.

आणि ते काही थोडे नव्हते. कणाला परकं काही लागू नये म्हणून त्या जपून जगतात. अत्तर नाही, पावडर नाही, हाताला क्रीम नाही. सोमवारी कण काढायचा असेल तर रविवारी सकाळपासून हळदीला शिवत नाहीत. आमच्याकडे येऊन वरणभात चमच्यानं खातात आणि चमचासुद्धा लांब धरतात. ट्रेनमध्ये शेजारच्या गोऱ्याच्या कोटावरचा केस उचलून उजेडात धरतात आणि त्याच्या कुत्र्याची चौकशी करतात. स्टॅनमोरला एका लग्नात तर नवरदेवासमोर खाली वाकल्या. एवढी मोठी बाई पाया पडते म्हणून तो बिचारा मागे मागे सरकत फुलांच्या कमानीत शिरला. मावशीबाई गुडघे झटकत उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वासरू आहे. बूट छान आहेत हं." मुलीकडचे लोक त्यानंतर बराच वेळ जेवले नाहीत.

त्यांच्या घरी जायला मात्र माझी सून अजून घाबरते. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. त्यांत खुरांचा सरस, कातड्याचा सरस, मासळीचा सरस, सगळे हातानं शिजवून वाळायला ठेवलेले. वाळता वाळता सरस आवळत जातो आणि आतून काचेचाच पापुद्रा ओढून काढतो. भर दुपारी चहा पीत बसावं, बाहेर धुकं, घरात चिटपाखरू नाही, आणि खिडकीतून आवाज येतो, टक्. मावशीबाई कप खाली न ठेवता म्हणतात, "मेंढी." थोड्या वेळानं पुन्हा टक्. "गाय." मी मनानं घट्ट माणूस आहे, पण त्या घरात मी पाठ भिंतीला लावून बसतो.

एकदा त्यांनी मला म्युझियममध्ये नेलं. तलवारीच्या मुठीचा एक तुकडा उलटा ठेवला होता. "भिंगातून बघा," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच तुकड्याला, "अहो, हे अप्पा. सोनार आहेत." मी भिंगाला डोळा लावला. लगद्यावर अंगठा दाबलेला होता. कडेला रेषा, मधे गुळगुळीत. माझ्या अंगठ्याचंही तेच झालं आहे. घासून घासून मधल्या रेषा गेल्या. व्हिसाच्या वेळी मशीनला माझा ठसा उमटेना तेव्हा तिथली मुलगी मला हात धुऊन या म्हणाली होती. मी भिंगावरून डोळा काढला आणि हात खिशात घातले. खोली गरम होती, तरी बोटं गार पडली.

त्याच दिवशी माझ्या हातून नको ते झालं. शेजारच्या खोलीत मावशीबाईंना माझ्या पद्धतीची लाख करून हवी होती, ताडून बघायला नमुना म्हणून. मी गावाहून लाखेचा खडा आणला होता. तो वितळवला, पत्र्याच्या वाटीत भरला, पण कोपऱ्यात दाबायला अणकुचीदार काही नव्हतं. मावशीबाई फोनवर गेल्या होत्या. बाजूच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर त्यांच्या सुया मांडलेल्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, "त्याला हात नाही हं लावायचा." पण चांगलं हत्यार समोर असताना वाईट हत्यारानं काम करणं मला जमत नाही. लाकडी मुठीची एक सुई उचलली, काम केलं, पुसली, होती तशीच ठेवली. माझ्या वडिलांची शिकवण होती: दुसऱ्याचं हत्यार घेतलंस तर असं पुसून ठेव की घेतलं होतं हे त्याला कळता कामा नये. दुपारी त्याच सुईनं त्यांनी त्या तुकड्याच्या पाठीचा कण काढला.

तीन आठवड्यांनी त्या स्लाऊला आल्या त्या धावतच. दारातच सुनेला मिठी मारली. ह्या बाईनं कोणाला मिठी मारलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "अप्पा, लाख निघाली! इंग्रज राजाच्या तलवारीत लाख!" लाख ह्या देशात होत नाही, ते लाल खडे आपल्याकडून आले असतील हे लोकांना ठाऊक होतं, पण लाख म्हणजे ती वापरणारा हात. "आपला माणूस होता तिथं. त्या थंडीत. मी रोज बोलते त्याच्याशी. मराठीत बोलते अप्पा, त्याला बरं वाटतं. खोलीत कोणीतरी मान वर करतं, खरंच सांगते." गुरुवारी मोठ्या मोठ्या तज्ज्ञांसमोर त्या हे सांगणार होत्या. वर्षाअखेर निवृत्ती, सगळ्या आयुष्याची कमाई ती एक लाख होती. सुनेनं श्रीखंड काढलं. माझी वाटी तशीच राहिली. मुलगा म्हणाला, "अप्पा, गोड आवडत नाही का आता?" मी म्हणालो, "दाढ दुखते." मला दाढाच नाहीत.

चार दिवस मी स्वतःशी भांडलो. कोणाला कळणार होतं? सुई मी पुसली होती आणि माझं पुसणं म्हणजे पुसणं. शिवाय, खरं सांगतो, तो माणूस मलाही हवा होता. ह्या देशात मला बसस्टॉपवर कोणी ओळखत नाही. इथं आपला एक सोनार राजाची तलवार घडवून गेला हे ऐकून माझी छाती फुगली होती. पण ती बाई भर सभेत उभी राहणार आणि उद्या कोणीतरी दुसरी सुई घेऊन पुन्हा कण काढणार. बुधवारी सकाळी कोट चढवला, कोणाला न सांगता ईलिंगची ट्रेन पकडली.

दार उघडलं तसं उभ्या उभ्याच बोललो. "मावशीबाई, ती लाख माझी आहे."

त्या खुर्चीवर बसल्या. "कुठली सुई?"

"लाकडी मुठीची."

"पुसली होती?"

"म्हणजे काय!"

"फार छान पुसलीत अप्पा. मला दिसलंसुद्धा नाही." मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस मी तुमच्याशी बोलत होते?"

"माझ्या कानावर काही आलं नाही," मी म्हणालो. त्या हसल्या आणि हसता हसता पदर शोधू लागल्या. पँट घालणाऱ्या बाईला पदर कुठला. मी माझा रुमाल दिला.

गुरुवारी त्यांनी सभेत सांगितलं, "कण बाटला, चूक माझी." माझं नाव घेतलं नाही. ह्यावरून मी त्यांच्याशी भांडलो. लाख माझी, सुई मी उचललेली, मग चूक स्वतःच्या नावावर का घालता? त्या म्हणाल्या, "हत्यार माझ्या ताब्यात होतं." तुकड्याच्या पाठीवर आणखी एकच कण काढता येण्याजोगा होता. तो त्यांनी नव्या सुईनं काढला. निघालं मधमाश्यांचं साधं मेण आणि गाईचा सरस. इथल्याच माशा, इथलीच गाय.

त्यानंतर बरेच महिने त्या आमच्याकडे आल्या नाहीत. आल्या त्या निवृत्त होऊन, वरणभात हातानं कालवून जेवल्या. दुपारी मागच्या अंगणात आम्ही दोघंच खुर्च्या टाकून बसलो होतो. मी विचारलं, "त्याच्याशी बोलणं बंद केलंत का?"

"बंदच म्हणा. आपल्याकडचा नाही ना तो, मराठी काय कळणार. मग मी शेवटच्या दिवसापर्यंत नुसतीच त्याच्याजवळ बसायची." मग म्हणाल्या, "एकदा विचारलं मात्र. म्हटलं, अहो, इतक्या थंडीत मेण दगडासारखं होत असेल, सकाळी कामाला कसं लागायचात?"

"मग?"

"हसू नका. काखेत धरायचो म्हणाला."

मी हसलो नाही. थंडीच्या दिवसांत खडे उचलायचं मेण आमचे वडील सकाळी काखेत धरून बसत, मग मीही. गिऱ्हाइकाला ओंगळ वाटेल म्हणून हे दुकानाबाहेर कधी कोणाला सांगायचं नाही, असा आमचा दंडक होता. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं. मावशीबाईंकडे बघितलं तर त्या कुंपणापलीकडे बघत होत्या, काही विशेष बोलल्यासारखं त्यांच्या तोंडावर नव्हतं. मी विचारलं, "बरा होता का तो?"

"बरा होता," त्या म्हणाल्या. "एकटा वाटला."

मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ थोडी सरकवली, आणि ऊन जाईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.