चुंबकाला न चिकटणारा दात

स्क्रॅप यार्डातली मॅग्नेट क्रेन माझ्या हाती आली तेव्हा भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वर केबिनमध्ये मी, खाली भंगारावर खडूनं खुणा करणारा माझा थोरला भाऊ. दादा सुरुवातीला मॅग्नेटखाली यायलाच भ्यायचा. मीच त्याला म्हणालो, ‘‘कावून भिऊन राहिला गा दादा? करंट चालू हाय तोवर लोखंड सुटत नाही.’’

आणखी एक शहाणपणा केला. धोक्याची घंटा आम्ही जेवणाची करून टाकली. दुपारी मी दोनदा वाजवली, की दादा खालून डबा उचलून दाखवायचा.

त्या दिवशी सकाळीच मी वाकड्या सळयांचा भारा उचलला. त्यात माती खोदणाऱ्या मशीनचा एक तुटका दात होता, चांगला मणभर वजनाचा. दादा खुणा करत करत नेमका भाऱ्याखाली आला, आणि तो दात हळूहळू घसरताना मला दिसला. अरे, करंट तर चालू होता! सळया पक्क्या चिकटलेल्या, आणि हा एकटा सुटत चाललेला. क्रेन हलवावी तर धक्क्यानं पडणार, थांबावं तरी पडणार. मी घंटा वाजवली. दादानं वर पाहिलं, हसला, आणि ‘एवढ्यात भूक?’ असा हात केला. मी घंटा बडवतच राहिलो. ओरडलो, पण त्या गदारोळात आवाज कुठला पोचतो! शेवटी वैतागून तो डबा आणायला वळला. चार पावलं गेला असेल, तेवढ्यात दात धप्पकन पडला. दादा आधी उभा होता, नेमका तिथंच.

खाली उतरून मी धातू तपासणाऱ्या लॅबच्या साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी खिशातलं चुंबक दाताला लावलं. चिकटेना. ‘‘हे मँगनीज घातलेलं पोलाद,’’ ते म्हणाले. ‘‘लोखंडच, पण आतल्या कणांची मांडणी वेगळी. साध्या लोखंडात प्रत्येक कण म्हणजे इवलं चुंबक, आणि मोठं चुंबक जवळ आलं की सगळे एका दिशेला तोंड करतात. या मांडणीत ते तसे रांगेत येतच नाहीत.’’ म्हणजे मॅग्नेटनं तो दात धरलाच नव्हता. सळयांत अडकून वर आला होता, एवढंच.

सायकलवर डबलसीट रिसालीला घरी परतताना मी म्हणालो, ‘‘दादा, मले माफ कर.’’

‘‘तुले का माहीत होतं?’’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं माझा हात घंटेवर गेला. दोनदा वाजली. दादा खडू टाकून जो पळाला तो थेट कुंपणापर्यंत. डबा तिथंच राहिला. मी केबिनमधून हात जोडले, डब्याकडे बोट दाखवलं, पुन्हा हात जोडले. तो काही कुंपण सोडेना.